चाचणीचा पेशंट

"ह्या दोघींचं पटायचं नाही," आई स्क्रीनकडे बघत म्हणाली. "कॅलेंडरवाली चालू केली, की फॉर्मवाली रुसून बसते."

लेक उभ्या उभ्याच टोस्ट खात होती. "कोण गं?"

"प्लगिन, बाई. जावा-जावा आहेत नुसत्या. त्यात आता घरच नवं होणार. कोण नांदेल, कोण माहेरी जाईल, आधी बघून घ्यायला नको?"

घरी नर्स पाठवणाऱ्या एका संस्थेची वेबसाइट आई सांभाळायची. साइट ज्या प्रणालीवर चालायची, तिची जुनी आवृत्ती आता बंद होणार होती. नवी चढवण्याआधी साइटला जोडलेलं एकेक प्लगिन, म्हणजे कॅलेंडर, फॉर्म अशी कामं करणारा छोटा जोड-प्रोग्रॅम, तिच्याशी जुळतं का, हे तपासायचं होतं. आईची रीत ठरलेली. चालत्या साइटला हात लावायचा नाही. तिची हुबेहूब नक्कल करायची, नकलेवर नवी आवृत्ती चढवायची, सगळी प्लगिन बंद करायची आणि मग एकेक चालू करत दर वेळी आपणच पेशंट होऊन फॉर्म भरायचा.

"आज कोण आजारी?" लेकीने खांद्यावरून वाकून पाहिलं.

"एक आजोबा. वय एकशे दहा. तक्रार, सून ऐकत नाही."

"यावर नर्स काय करणार?"

"काय करणार? सुनेचीच बाजू घेणार." आई स्वतःच्या विनोदावर खुदकन हसली. "एवढी जाडजाड पुस्तकं वाचतेस. कधी हेही वाच की."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," म्हणत लेक चपला सरकवून कामाला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही.

झोपेत गेली, सोन्यासारखं मरण आलं, असं येणारे-जाणारे म्हणत राहिले. सगळीकडे फोन मामाने केले. लेकीला कुणाला काही सांगावंच लागलं नाही. माणसं दारातून आत यायची ती सगळं ठाऊक असल्यासारखी, तिला जवळ घ्यायची आणि पाणी मागायची.

घर असं भरलेलं असतानाच आईच्या मोबाइलवर संस्थेच्या व्यवस्थापकांचा मेसेज आला. "ताई, अपडेटचं कुठवर आलं?" मामाला हे गृहस्थ माहीत असण्याचं कारण नव्हतं. लेकीने फोन हातात घेतला आणि लिहिलं, "तपासतेय." एका शब्दात भागलं. मग पुढचा आला, त्यालाही उत्तर गेलं. एकदा त्यांनी विचारलं, "तब्येत बरी ना? हल्ली तुमचे टोमणे येत नाहीत." तिने लिहिलं, "जरा गडबडीत आहे." हे किती दिवस पुरणार, हे तिलाही कळत होतं. पण तोवर जगात एक तरी माणूस असा होता, ज्याच्या लेखी आई टेबलाशी बसून काम करत होती.

पाहुणे पांगले. मामाही गेला. आणि मेसेज आला, "ताई, उद्या जुनी आवृत्ती बंद होतेय. साइट पडली तर लोकांनी नर्स कुठून मागवायची?"

तिने रजा टाकली आणि सकाळीच आईच्या खुर्चीत बसली. आईने तयार केलेली नक्कल तशीच होती, अर्धवट तपासलेली. तिने एक प्लगिन चालू केलं. पान उघडलं. दुसरं चालू केलं आणि सगळं पांढरंफटक झालं. बंद केलं, परत आलं. मग चालू असलेलं कुठलं आणि बंद केलेलं कुठलं, याचाच घोळ झाला. विचारायचं कुणाला? जिला विचारायचं, तिच्याच नावाने ती उत्तरं देत होती.

दुपारी कधीतरी फॉर्म उघडला. आई भरायची तसा भरून पाहायचा, एवढंच तिला ठाऊक होतं. पेशंटच्या रकान्यात बोटांनी आपसूक आईचं नाव लिहिलं. वय खरं. पत्ता घरचा. तक्रार: श्वास घ्यायला त्रास. कधीपासून, या प्रश्नाशी ती बराच वेळ थांबली आणि तिने लिहिलं, 'माहीत नाही'. सोबत कोण असतं? 'मुलगी'.

'आपली विनंती पोहोचली आहे,' असं पान म्हणालं. तिने हुरूप येऊन पुढचं प्लगिन चालू केलं आणि पुन्हा सगळं पांढरं झालं. या वेळी काही केल्या परत येईना. ती हात मांडीवर ठेवून त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत राहिली.

बेल वाजली.

दारात पन्नाशीची एक बाई होती. खांद्याला पिशवी, जिने चढून लागलेली धाप. "नर्स. संस्थेतून आले," ती म्हणाली. "कुठल्या खोलीत आहेत पेशंट?"

"कोण पेशंट?"

बाईने फोन पुढे केला. आईचं नाव, वय, पत्ता, श्वास घ्यायला त्रास. लेकीने मघाशी लिहिलेलं जसंच्या तसं. साइटची नक्कल असली, तरी तिच्यातून बाहेर जाणारे मेसेज खरेच असतात. फॉर्म भरण्याआधी आई ते बंद करत असणार. लेकीला हे आत्ता, दारात, कळलं.

"मी दुसरीकडेच निघाले होते," बाई आत येत म्हणाली. "पण साहेबांचा फोन आला. म्हणाले, नाव बघितलंस का, ही आपली साइटवाली ताई. बाकी सगळं टाक, आधी तिकडं पळ. तुम्ही मुलगी ना? घाबरू नका. कधीपासून होतंय त्यांना असं?" बोलता बोलता तिने पिशवीतून रक्तदाबाचं यंत्र काढलंसुद्धा, पट्टा सोडवला आणि आतल्या खोलीकडे वळली.

चुकून मेसेज गेला, असं म्हणता आलं असतं. बाई चरफडली असती आणि गेली असती.

"आई गेली," लेक म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला, म्हणून तिने पुन्हा सांगितलं. "माझी आई गेली हो."