पाच गोल आणि पंधरा दिवस

आमच्या जय वाघोबा संघाने याआधी घरच्या मैदानावर कुणाला दोनपेक्षा जास्त गोलांनी हरवल्याचं मला आठवत नाही. त्या रविवारी मुरबाडकडून आलेल्या पोरांना पाच-शून्यने धुतलं. गाव अजून त्याच धुंदीत आहे. दळणाला गेलं तरी तेच, नळावर गेलं तरी तेच.

मैदान म्हणजे नथूबाबाचं खाचर. भात निघालं की पोरं मधला बांध फोडतात, धसकटं फावड्याने तासतात, बांबूचे गोल उभे करतात. डोळ्याला ते सपाट दिसतं, पण ओहळाच्या अंगाला किंचित उतरलेलं आहे. परक्या संघाला हे धावल्यावर कळतं. आमची पोरं नेहमी पहिला हाफ चढावर खेळतात, नुसतं तग धरतात, आणि गोल करायचे ते दुसऱ्या हाफला, उतारावर. ही युक्ती मनोजची. माझ्या नवऱ्याची.

मनोज संघाचा कप्तान होता. मागच्या साली दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी कंपनीतून शिफ्ट करून येताना त्याच्या बाईकला अपघात झाला. आमची जना तेव्हा पाच महिन्यांची होती.

तेराव्याला सगळा संघ अंगणात येऊन बसला. नवसू, जो आता कप्तान आहे, माझ्या सासूच्या पाया पडला आणि म्हणाला, "आय, मनोदादाचं वर्स होईस्तोवर आमी गोल झाल्यावर ढोल वाजवणार नाय."

आमच्याकडे गोल झाला की खालच्या पाड्याचा सुक्या ढोल बडवतो. ढोलाशिवाय गोल झाल्यासारखं वाटतच नाही कुणाला. पण पोरांनी शब्द पाळला. वर्षभर सुक्या मॅचला यायचा, ढोलावर गोणपाट टाकून शेजारी बसायचा. गोल झाला की टाळ्या व्हायच्या आणि मग एकदम गप्प. ती गप्प वेळ माझी होती. तेवढ्यापुरतं सगळं गाव मनोजला आठवायचं. ढोल वाजायला लागला की तो गावापुरता संपणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी दिवस धरून बसले होते. यंदा अधिक श्रावण आला, त्यामुळे तिथीने वर्स गेलं पंचवीस डिसेंबरला. एरवी अधिक महिना आला की कामं लांबतात म्हणून मी कुरकुरते. यंदा मला तो देवाने दिल्यासारखा वाटला.

रविवारी दहा तारीख होती. आय कधी मॅचला येत नाही, पण म्हणाली, "घरात एकटी काय करू, चल." दोघी बांधावर बसलो. जना माझ्या मांडीत चुरमुरे सांडत होती.

बाराव्या मिनिटाला गोल झाला. तोही चढावर! पोरं उड्या मारताहेत, मी टाळीला हात उचलला, आणि सुक्याने गोणपाट भिरकावून दिलं.

ढोल वाजला.

मग जी आरोळी उठली, ती वर्षभर दाबून ठेवलेली असावी. आयने माझं मनगट धरलं. "आज कितवी तारीख गो?"

"दहावी."

"मंग?"

नवसू नाचता नाचता आमच्याकडे बघून थबकला. धावत बांधाशी आला. "काय झालं वयनी?"

"नवसू, वर्स पंचवीसला हाय रे."

"सहाला झालं ना! सहा डिसेंबर. मी मोबाईलमदी लावून ठेवलेलं. सकाळी वाजला बी. आमी मैदानावर फुलं ठेवली त्याच्या नावानं."

"आन् अधिक श्रावण?"

त्याचं तोंड उतरलं. बावीस वर्षांचं पोर ते. "अधिक महिना मोबाईलमदी नसतो वयनी," तो हळूच म्हणाला. मग घाईघाईने, "थांबवतो. आत्ताच्या आत्ता थांबवतो."

तिकडून पंचाने शिट्टी मारली. "ओ कप्तान, खेळताय का सोयरीक जुळवताय?"

लोक हसले. मी सुक्याकडे बघितलं. तो डोळे मिटून वाजवत होता, दंडाच्या शिरा फुगलेल्या. आता मी नको म्हटलं असतं तर ढोल तिथल्या तिथे बंद झाला असता. मैदानावरच्या अकरा पोरांच्या अंगातलं वारंही उतरलं असतं. मला पंधरा दिवस मिळाले असते.

"वाजू दे," मी म्हटलं. "जा तू, खेळ."

आयने माझं मनगट सोडलं.

त्यानंतर मॅच अशी झाली की काय सांगू! हाफटाईमपर्यंत तीन. ते मुरबाडकडचे काही लेचेपेचे नव्हते, चांगले दणकट होते. पण आमची पोरं बॉल पायाशी ठेवतच नव्हती. संदीपकडून कान्हाकडे, कान्हाकडून नवसूकडे, पुन्हा संदीपकडे. गोल कोण मारणार हे समोरच्यालाच काय, मलाही कळत नव्हतं. मनोजच्या वेळी असं नव्हतं. तेव्हा कुठूनही बॉल आला की मनोजकडे. समोरचे तिघे तिघे त्याला घेरायचे, तो त्यातून वाट काढायचा, आणि आम्ही एक-शून्यने जिंकायचो किंवा पेनल्टीवर हरायचो.

नथूबाबा माझ्या मागेच उभा होता. शेजारच्याला म्हणाला, "आधी समदा भार एकावर होता. आता पोरं मोकळी झाल्यात."

मग पुढे मी बसलेय हे त्याच्या ध्यानात आलं. खाकरला आणि आयला म्हणाला, "गोदू, तंबाखू हाय का गो?"

"तुला देऊन मी काय खाऊ?" आय म्हणाली.

मला नथूबाबाचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण त्याचं खरं होतं. मनोज असता तर संध्याकाळी मीच त्याला म्हटलं असतं, बॉल लवकर सोडत जा, सगळं तुलाच करायचं असतं का? तो फुगला असता, जेवताना बोलला नसता, आणि हात धुताना म्हणाला असता, "बरं, सोडीन." ते आता दुसऱ्या कुणी न सांगता झालं होतं. संघ त्याच्याशिवाय चांगला झाला होता. मी या संघाच्या मॅचेस लग्नाआधीपासून बघतेय, मला हे दिसणारच. नाही दिसलं असतं तर बरं झालं असतं.

चौथा गोल उतारावर सहज गेला. पाचवा मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. कान्हाने डावीकडून बांधालगत पळत बॉल आत ढकलला. नवसू समोर होता, मारला असता तर गोल होताच. त्याने पाय उचलला आणि बॉल दोन पायांमधून जाऊ दिला. गोलकीपर त्याच्यावर झेपावला, आणि मागून आलेल्या संदीपने रिकाम्या गोलात हळूच सरकवला.

"घुसवलाऽऽ!"

मी ओरडले होते. जनाला कडेवर घेऊन उभी राहिले होते, कधी उठले कळलं नाही. जना दचकून रडायला लागली. तिला थोपटत खाली बसले, तर शेजारी आय नव्हती. ती लांब बांधावरून एकटीच घराकडे चालली होती.

घरी गेले तेव्हा ती ओटीवर तांदूळ पाखडत बसली होती.

"किती झाले?"

"पाच."

"बेस झालं. पोरांनी मेनत केली."

"आय, चुकलं माझं. ढोल थांबवायला पायजे होता."

"नाय गो. वाजता ढोल थांबवला तर पोरांचा खेळ मोडला असता. बरोबर केलंस." तिने सुपातले खडे वेचून अंगणात टाकले. "तू वरडलीस ना शेवटाला?"

मी जनाला कडेवरून खाली उतरवलं.

"मी ओहळापाशी होते. एवढ्यांच्यात तुझा आवाज कळला मला." ती माझ्याकडे बघत नव्हती, पण रागावलेलीही नव्हती. "तुझं वर्स सरलं पोरी. राह्यलेलं मी पाळते."

"दोघी पाळू ना. पंधराच दिवस राहिलेत."

"नाय. एकदा वरडल्यावर मागं जाता येत नाय. आन् जाऊ पण नये. तुझं वय काय!"

वर्षभर आमच्या घरात तळण झालं नव्हतं. तिने उठून आतून कढई आणली, घासली आणि माझ्यापुढे ठेवली. "जनाला वडे कर. मला नको." मी तिथेच बसून रडले. तिने रडू दिलं. जवळ आली नाही.

मनोजच्या दुःखात या घरात आम्ही दोघी होतो. रात्री ती मध्येच उठायची, मी उठायचे, एकमेकींना पाणी द्यायचो, काही बोलायला लागायचं नाही. आता तिने मला दार उघडून बाहेर सोडलं होतं, मायेनेच, आणि आत एकटी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची अनिता वर्साचं विचारत होती. आय म्हणाली, "पंचवीसला हाय माझ्या मनोजचं." वर्षभर ती "आमच्या मनोजचं" म्हणायची. मी मोरीत जनाला अंघोळ घालत होते. माझा हात थांबला. आणि त्याच वेळी, कसं कोण जाणे, मला आठवलं की येत्या रविवारी शेणव्याला मॅच आहे. ते आठवलं म्हणून मला मान वर करून आयकडे बघवेना.