पुण्याला न गेलेला कागद

मी एक कच्चा मसुदा बोलतोय. माझी पक्की प्रत पुण्याला गेली आणि मी मागं राहिलो. माझ्या अंगावर निळी शाई आहे, तांबड्या पेन्सिलीच्या रेघा आहेत आणि एका कोपऱ्यात चहाचा डाग आहे. मला पाहून कुणी म्हणेल, हा टाकायचा कागद. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

माझा जन्म १९८८च्या मे महिन्यातला, चितेगावच्या आरोग्य उपकेंद्रातला. तिथल्या नर्स मंजुळाबाई दुपारी लसीकरण आटोपलं की टेबलावर फुलस्केप ताव घेऊन बसायच्या. त्या पाचोडकडच्या, मेंढपाळाच्या घरातल्या. सात वर्षांच्या होईपर्यंत मेंढरांमागं हिंडल्या, मग मामानं शाळेत घातलं. सहा वर्षं खपून त्यांनी एक कादंबरी लिहिली होती. चारशे पानं. घरातल्या कुणालाही त्याचा पत्ता नव्हता.

पुण्याच्या एका प्रकाशकाची जाहिरात आली होती. नव्या लेखकांनी हस्तलिखित पाठवू नये, आधी एका पानात कादंबरीची ओळख लिहून पाठवावी, मुदत जूनअखेर. चारशे पानं लिहिणाऱ्या बाईंना ते एक पान काही केल्या लिहिता येईना.

माझ्याआधी दोन कागद होऊन गेले. पहिला घेऊन त्या औरंगाबादला बद्रीनाथकाकांकडं गेल्या. काका पैठण गेटजवळ राहायचे. त्यांनी एका वर्तमानपत्रात तीस वर्षं मुद्रितं तपासली होती. निजामाच्या अमलात त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालं. पोलीस ॲक्शननंतर ते जिद्दीनं मराठी शिकले आणि पुढं त्याच भाषेच्या चुका काढून पोट भरलं. बाईंची पहिली गोष्ट पुरवणीत छापून आली तेव्हा ती त्यांनीच तपासली होती. तेव्हापासूनची ओळख.

पहिल्या कागदावर लिहिलं होतं, ‘सविनय सादर, सदर कादंबरी ग्रामीण जीवनावर आधारित असून...’

काकांनी भिंग खाली ठेवलं. “मंजुळाबाई, हा तर अर्ज झाला. मजमून कुठाय, सांगायची गोष्ट कुठाय?”

दुसऱ्या कागदावर बाईंनी माफीच मागितली होती. मी कमी शिकलेली, माझी भाषा ओबडधोबड, चूकभूल पदरात घ्यावी. काकांनी ती सगळी वाक्यं एकेक करून खोडली. खाली फक्त सही उरली.

दोन्ही कागद बाईंनी फाडले. तिसरा मी. तेव्हा माझ्या मनात काय चाललं असेल ते तुम्हीच समजा.

मला घेऊन त्या काकांकडं गेल्या तेव्हा जूनची एकोणीस तारीख होती. माझ्यावर लिहिलं होतं, ‘ही मेंढरांमागं हिंडणाऱ्या एका बाईची कथा आहे. ती फार सोसते.’

“काय सोसते?” काकांनी विचारलं.

 बाई खाली मान घालून सांगू लागल्या. त्यांच्या आईची, सरूबाईची गोष्ट. मेंढरं घेऊन वाडा गोदावरीपलीकडं निघाला होता आणि वाटेतच सरूबाई बाळंत झाली. मुलगी झाली, ती ह्याच मंजुळाबाई. वाडा म्हणजे मेंढपाळांचा चालता मुक्काम, चारा संपला की तो उठतो. नवऱ्यानं बायकोला आवडाबाई नावाच्या एका म्हातारीच्या खोपीत ठेवलं आणि तो कळपाबरोबर पुढं गेला. दोन रात्री गेल्या आणि सरूबाई पोरीला काखेत घेऊन त्यांच्या मागावर निघाली. तीन दिवस चालली.

“हे चारशे पानांत आहे?”

“आहे.”

“आणि ह्या एका पानात नाही.”

“काका, चारशे पानांत ते दडून राहतं. इथं एका ओळीत लिहिलं की उघडं पडतं. आई गेली, पण माझे वडील, आबा, अजून आहेत. पाचोडला सगळे त्यांना ओळखतात.”

 काकांनी माझ्या समासात तांबड्या पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलं. “व्याकरणाचं मी बघू शकतो. हे तुमचं तुम्हीच बघायचं.”

ते प्रश्नचिन्ह अंगावर घेऊन मी परत आलो. लसीच्या पेटीबरोबरच्या पिशवीत चार दिवस गावोगाव फिरलो. बाई कुणाच्या पोराला सुई टोचायच्या, कार्डावर तारीख घालायच्या आणि मध्येच पिशवीत हात घालून मी आहे का ते चाचपायच्या. दर वेळी मला वाटायचं, आता काढणार आणि फाडणार. एकदा तर काढलंही. दोन्ही हातांनी धरलं. मग टेबलावर ठेवून त्या प्रश्नचिन्हाशेजारी लिहिलं, ‘नवरा बाळंतिणीला मागं ठेवून कळपाबरोबर जातो. ती बिचारी ओली बाळंतीण तान्ही पोर घेऊन तीन दिवस त्याच्या मागावर चालते.’

 शाई वाळायच्या आत त्यांनी माझी घडी घातली, म्हणून ती ओळ दुसऱ्या बाजूलाही उमटली आहे.

रविवारी त्या मला घेऊन पाचोडला गेल्या. आबांचं नाव सोनाजी. ते लिंबाखाली मेंढी भादरत बसले होते. एक गुडघा मेंढीवर, हातात कातर.

“आबा, मी पुस्तक लिहिलंय. आईचं.”

आबांनी वर पाहिलं नाही. “माझं बी आसंल त्यात.”

“व्हय.”

“वाच.”

बाईंनी मला उघडलं. त्या वाचू लागल्या. कातरीचा आवाज चालू होता. ती ओळ आली आणि तो थांबला. मेंढीनं मान उचलून पाहिलं.

“तीन नाय,” आबा म्हणाले. “चार दिस.”

“आई तर तीनच सांगायची.”

“ती सांगायची. मोजत मी व्हतो.” त्यांनी कातरीला अडकलेली लोकर काढली. “तुला सांगताना एक दिस कमी केला आसंल तिनं. माझी लाज राखाया.”

 बाईंनी विचारलं, “आबा, नको म्हणालात तर खोडते मी.”

“खोडलं म्हणून ती कमी चालली आसं व्हतंय का? पाठव.” आणि त्यांनी पुन्हा कातर चालवली.

बाईंनी तिथंच मला गुडघ्यावर ठेवून ‘तीन’ खोडलं आणि वर ‘चार’ लिहिलं. ते अक्षर वाकडं आलंय.

दुसऱ्या दिवशी काकांनी ते पाहिलं. “वडील काय म्हणाले?”

“चार म्हणाले.”

काकांनी चष्मा काढून पुसला. मग पेन्सिल उचलून फक्त एक शब्द खोडला, ‘बिचारी’. “आता ह्याला हात लावायचा नाही. पक्की प्रत करा.” आणि बाई उठत असताना म्हणाले, “कादंबरीत तीन दिवस कुठं कुठं आलेत?”

बाईंचा चेहरा उतरला. तो आकडा बदलणं सोपं होतं. पण कादंबरीत तीन दिवसांची तीन प्रकरणं होती. चौथ्या दिवसाचं प्रकरणच नव्हतं.

पक्की प्रत पोस्टात पडली आणि काळजी दुप्पट झाली. आधी भीती होती की प्रकाशक नको म्हणतील. आता भीती होती की पाठवा म्हणतील. बाई रोज दुपारी ते प्रकरण लिहायला बसायच्या आणि दोन ओळींवर अडायच्या. त्या दिवशी आई कुठं होती, काय खाल्लं, कुणी पाणी दिलं, काहीच ठाऊक नाही. ठाऊक असणारी आई आता राहिली नव्हती. मी त्यांच्या वहीत होतो, मला सगळं दिसत होतं. टपालाची पिशवी आली की त्या उभ्या राहायच्या.

ऑगस्टच्या मध्यावर कार्ड आलं. ‘ओळख वाचली. संपूर्ण हस्तलिखित महिन्याभरात पाठवावे.’

पुढच्या रविवारी त्या पुन्हा पाचोडला. म्हणाल्या, “आबा, चौथ्या दिशी काय झालं ते सांगा. मला लिहायचंय.”

“मला काय ठाव? मी पुढं व्हतो.” आबांनी त्यांच्याकडं प्रथमच नीट पाहिलं. “तिच्या काखेत तूच व्हतीस की. तूच सांग.”

ह्यावर बाई रडल्या. आबांनी त्यांना रडू दिलं, पाण्याचा तांब्या जवळ सरकवला आणि म्हणाले, “तो कागद आता तुझ्या कामाचा नसंल तर मला दे.”

अशा रीतीनं मी हात बदलला. ते प्रकरण बाईंनी लिहिलं, असं मी पुढच्या खेपेला त्यांच्याच तोंडून ऐकलं. काखेतल्या पोरीनं सांगितलेलं प्रकरण. काकांनी त्यात एकही रेघ मारली नाही म्हणे. हस्तलिखित सप्टेंबरात गेलं. प्रकाशकाचा होकार अजून आलेला नाही, नकारही नाही.

आता मी आबांच्या बंडीच्या आतल्या खिशात असतो. त्यांना अक्षर ओळखू येत नाही. बाजारात कुणी शिकलेला माणूस भेटला की ते मला काढतात आणि म्हणतात, “जरा वाचून दावा.” कुणी एसटीचा कंडक्टर वाचतो, कुणी पशुवैद्य. ऐकताना आबा खाली बघत असतात, आणि मला त्यांच्या छातीवर परतताना कळतं, आतलं काळीज किती जोरात चाललंय ते. लोक वाचून झाल्यावर कुणाचं आहे म्हणून विचारतात. ते म्हणतात, “माझ्या लेकीनं लिहिलंय.” पुढचं सांगत नाहीत. एक दिवस पुस्तक छापून आलं तर सांगावं लागेल, हेही त्यांना कळतं. तरी मला लपवून ठेवत नाहीत.

घामानं माझी शाई पसरतेय, घडीवर मी फाटत चाललोय. मला फार दिवस नाहीत. पाचोडच्या बाजारात एखाद्या म्हाताऱ्यानं मला तुमच्या हातात दिलं, तर घाईत असलात तरी नाही म्हणू नका. अक्षर लागलं नाही तर थांबा, पुन्हा बघा. आणि जरा सावकाश वाचा. ऐकणाऱ्याला दम लागतो.