एडिल्सनसाठी खोली

नेल्सीने चपला काढल्या आणि हॉटेलच्या पलंगावर सरळ आडवी झाली.

“आजी, खोली नुसती बघायची असते,” किल्ली घेऊन वर आलेली हॉटेलातली मुलगी म्हणाली.

“नुसतं बघून पाठीला काय कळणार गं?”

खुर्चीत वारा घेत बसलेली उबाल्दिना हसली. ती नेल्सीची शेजारीण आणि तिच्या मुलाची धर्ममाता. “ऊठ लवकर, नाहीतर भाडं लावतील.”

मुलगा, एडिल्सन, बऱ्याच वर्षांनी चिलीहून कार्ताहेनाला येत होता. बायको मकारेना आणि तान्ही मुलगी बरोबर. फोनवर तो म्हणाला होता, “समुद्राजवळ कुठं उतरावं, तूच बघून सांग ना आई. जाहिरातीत काय, सगळंच छान दिसतं.” तो पुढे ‘घरीच येऊ का’ म्हणेल, याची नेल्सीने वाट पाहिली. पण घराचं नाव काही त्याच्या तोंडून निघालं नाही. “बघते,” ती म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी तिने घरातल्या मागच्या खोलीला चुना लावून घेतला.

आज सकाळपासून तिने एकही हॉटेल पास केलं नव्हतं. एकाच्या भिंतीला ओलीचा वास, एकाच्या तळमजल्यावर नाचगाणं, एकाची खिडकी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उघडणारी. खोट खरीच असायची. पण फोनवर ती सांगताना नेल्सीचा आवाज दर वेळी जरा जास्तच खुलत होता.

“सगळी हॉटेलं नापास केलीस की तुझंच घर उरतंय, होय ना?” उबाल्दिना म्हणाली.

“उरलं तर उरू दे.”

“मग तोंड उघडून सांग की त्याला, घरी ये म्हणून.”

“त्यानं विचारायला हवं होतं.”

“कसा विचारेल? पोरीला दमा, अन् तुझा पत्रा दुपारी तव्यासारखा तापतो. तुला ‘नको’ म्हणायचं जिवावर येतं त्याच्या.”

नेल्सी उठली. खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं. मीठ होतं, बुरशी नव्हती. तावदान उघडताच डिसेंबरचा वारा आत घुसला आणि पडदा छताला भिडला. रस्त्याचा आवाज नाही. गादी उचलून पाहिली, कोरडी होती. एका कोपऱ्यात पाळणा मावला असता. तिथे गुडघ्याच्या उंचीवर तिने तळहात धरला. वारा तिथेही पोचत होता. मग कुठे ओल सापडते का, म्हणून न्हाणीघराच्या दारामागेही ती डोकावून आली.

फोन वाजला. “काय आई, इथं काय खोट निघाली?” एडिल्सन हसत होता. त्याच्यामागे लहानगी खोकत होती. कोरडा, थांबून थांबून येणारा खोकला.

नेल्सीने उबाल्दिनाकडे पाहिलं. उबाल्दिना खिडकीबाहेर बघू लागली.

“काही नाही. वारा आहे, ओल नाही. पोरगी शांत झोपेल. हीच घे.”

“नक्की?”

“मी झोपून बघितलंय, बाबा.”

“सुटलो बघ! आता मकारेनाला सांगतो.”

खाली आल्यावर नेल्सी किल्लीवाल्या मुलीच्या मेजापाशी थांबली. “इथं उतरलेल्यांना भेटायला वर जाता येतं ना?”

“येतं की. ओळखपत्र इथं ठेवायचं, आणि रात्री परत जायचं.”

“आई असली तरी?”

मुलगी घुटमळली. “नियम सगळ्यांना तोच आहे, आजी.”

नेल्सीने पिशवीतून ओळखपत्र काढलं, झग्याच्या टोकाला पुसलं आणि मेजावर तिच्यापुढे सरकवलं.

“बघून ठेव, बाळा. चालेल ना? फोटो जरा जुना आहे.”