वजन झाकून

बक्षीस समारंभ चारला होता आणि पावणेचार वाजले तरी आतल्या खोलीतली निवड समितीची तिघं एकमताला यायला तयार नव्हती. जिल्हा बॉक्सिंग स्पर्धेच्या सगळ्या वजनगटांची पदकं ठरली होती. राहिला होता एकच चषक, साऱ्या गटांत मिळून सर्वोत्कृष्ट खेळाडूचा. बाहेर कर्जतच्या मंगल कार्यालयाच्या सभागृहात पोरं, पालक आणि पाहुणे ताटकळले होते.

"करणला द्या आन् मोकळे व्हा," आसाराम तात्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. तात्या काष्टीचे, जुने पैलवान, उतारवयात बॉक्सिंगचे पंच झालेले. "ब्याण्णव किलोचा गडी. दोन्ही लढती पहिल्याच फेरीत संपवल्या. त्याच्याम्होरं कुनालाबी उभं करा, त्योच जिंकनार. मंग मोठा कोन?"

"तसं असेल तर वजनकाटाच मांडू की तात्या. लढती कशाला घ्यायच्या?" अफ्रीन म्हणाली.

अफ्रीन शेख श्रीगोंद्याच्या एका शाळेत खेळ शिकवायची. एकोणीस वर्षांपूर्वी ती अठ्ठेचाळीस किलोत खेळायची. अशाच एका स्पर्धेत तिने चार लढती जिंकल्या, एकाही पंचाने विरोधात गुण दिला नाही, तरी चषक एकच लढत खेळलेल्या धिप्पाड गड्याला गेला होता. आज तिच्या मनात अकोले तालुक्यातली धनश्री होती. तोच गट, तसेच चपळ पाय. या वेळी हलक्यांची बाजू पडू द्यायची नाही, असं ती सकाळीच ठरवून आली होती.

"हलक्याला भारीशी लढवायचं नसतं, म्हणूनच तर गट पाडले," ती म्हणाली. "बघायचं ते एवढंच. आपल्या गटात कोण किती लढला, समोर कोण होतं, आणि अडचणीत आल्यावर काय केलं."

अध्यक्ष बिभीषणरावांना वाद नको होता. "तुमच्या दोघांच्या ओढाताणीत तो जामखेडचा अजिनाथही धरा," ते म्हणाले. "साठ किलोचा. ना हलका, ना भारी."

"धरू. पण नाव, गाव, वजन झाकून," अफ्रीन म्हणाली.

तिने लढतींची नोंदवही ओढली, तीन कोरे कागद घेतले आणि उभ्या उभ्याच लिहायला लागली. पहिला झरझर झाला: दोन लढती, दोन्ही पहिल्या फेरीत, एक प्रतिस्पर्धी संख्या भरायला खालच्या गटातून वर आणलेला. दुसरा तर तिला पाठच होता: तीन लढती, सगळे पंच बाजूने. पण प्रतिस्पर्धी कोण, ते लिहिताना तिला वही उलटावी लागली. तिघींपैकी दोघी पहिल्यांदाच रिंगणात उतरलेल्या. तिसरा कागद लिहिताना पेन हळू झालं. चार लढती. दोन माजी विजेते हरवले. अंतिम लढतीत पहिल्याच फेरीत जबर ठोसा खाल्ला, पंचांनी आठपर्यंत आकडे मोजले; दहा झाले असते तर हारच. पुढच्या दोन्ही फेऱ्या जिंकल्या.

लिहून होता होताच तिला उत्तर कळलं होतं. दुसऱ्या कागदावरून त्या दोघी नवख्या असल्याचं गाळलं असतं, तर कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. तिने तिन्ही कागद जसेच्या तसे टेबलावर ठेवले.

तात्यांनी चष्मा लावला, तिन्ही दोनदा वाचले आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं. बिभीषणरावांनीही मान डोलावली.

"ह्यो करण न्हाई, व्हय ना?"

"नाही तात्या. अजिनाथ."

"आन् तुमची ती अकोल्याची पोरगी?"

"दुसऱ्या कागदावर."

तात्या गालातल्या गालात हसले. "म्हंजी तुमीबी हरलात की मॅडम!"

"माप मीच दिलं होतं तात्या. माल मनासारखा भरला नाही म्हणून मापच फोडू?"

तात्यांचं हसू विरलं. "लई झ्याक बोललात," ते म्हणाले. "पुढल्या वर्षीपासून असंच करायचं. आधी कागद, मंग नावं."

नाव पुकारायला अफ्रीन स्वतः मंचावर गेली. चषक कशावरून ठरवला तेही तिने चार वाक्यांत सांगितलं. करणच्या गावची मंडळी थोडी कुरकुरली, पण करणनेच पुढे येऊन अजिनाथला कवेत उचललं आणि टाळ्या वाढल्या.

गर्दी पांगताना धनश्री जिन्यापाशी उभी होती. गळ्यात सुवर्णपदक, पण चेहरा पडलेला.

"मॅडम, मी कुठं कमी पडले?"

अफ्रीनला गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. "लढण्यात नाही. तुझ्यासमोर तगडं कुणी आलंच नाही, आणि तो काही तुझा दोष नाही," ती म्हणाली. "पण दुसऱ्या लढतीत डावा हात खाली येत होता. समोरची नवखी होती म्हणून निभावलं. तगडी असती तर तिथंच पाडलं असतं."

धनश्रीने आपला डावा हात वर धरून पाहिला. "कधी येत होता खाली?"

"उजव्याने मारतेस तेव्हा. पिशवी ठेव बाजूला, दाखवते."

अफ्रीनने ओढणीची गाठ कमरेला मारली आणि दोन्ही तळवे समोर धरले. "हं, मार."

धनश्रीने मारलं. डावा हात हनुवटीपाशीच राहिला.

"परत," अफ्रीन म्हणाली. "आता जरा जोरात."