तीनडोळ्यावर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि आधीच सांगून ठेवतो, आज मी रागावलेलो आहे. आमची जात तशी शांत. पण ज्यांच्यासाठी आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून बसलो, त्यांनीच मला खोटं पाडलं. उद्या माझे भाग सुटे करणार आहेत, म्हणून आज मनातलं सगळं बोलून घेतो.

माझा जन्म कारखान्यातला नाही. तळघरातल्या एका खोलीत, तीन वेगवेगळी यंत्रं मोडून, बाईंनी मला जुळवलं. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. तेव्हा त्या तरुण संशोधक होत्या आणि त्यांच्या नखांत कायम ग्रीस अडकलेलं असे. त्यांनी मला हवा भरलेल्या पायांवर उभ्या असलेल्या जड टेबलावर बसवलं, म्हणजे रस्त्यावरून ट्रक गेला तरी मी हलू नये. भोवती काळा पडदा लावला. मला तीन डोळे दिले. पहिला साध्या उजेडात आकार बघतो. दुसरा रंग दिलेल्या पेशींची चमक टिपतो. तिसरा लेसरचा झोत घेऊन कातडीत खोल उतरतो आणि तिथले तंतू रंगाशिवायच उजळवतो. तिन्ही चित्रं एकावर एक ठेवली की कातडीचा जिवंत तुकडा आपली जखम कशी भरून काढतो, ते संगणकाच्या पडद्यावर दिसायचं. एकट्यादुकट्या डोळ्याचं ते काम नव्हे. म्हणून माझं नाव पडलं तीनडोळ्या.

आता तीन डोळे म्हणजे तीन तऱ्हा. जिवंत तुकडा उबेत ठेवावा लागतो, म्हणून माझ्याभोवती एक उबदार पेटी असते. ती तापत असताना माझा धातू फुगतो आणि एखादं चित्र केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाइतकं सरकतं. तुम्हाला वाटेल, एवढ्यानं काय होतंय? पेशीच्या जगात तेवढ्यानं घर बदलतं! म्हणून रोज सकाळी, मी पुरता तापल्यावर, माझ्यापुढे चमकणारे अतिबारीक मणी ठेवायचे. एकच मणी तिन्ही चित्रांत अगदी एका जागी दिसला की मी कामाला तयार. नाही दिसला, तर तेवढा फरक संगणकाला सांगून चित्रं जुळवायची. बाई या बाबतीत फार कडक. लग्नाच्या दिवशी सकाळीसुद्धा त्या येऊन मणी बघून गेल्या. त्यांच्या आईनं फोनवर असा काही आवाज चढवला, की मला पडद्याआड ऐकू आला.

पुढे बाई मोठ्या झाल्या, हाताखाली माणसं आली. मणी बघायचं काम मामांकडे गेलं. मामा म्हणजे आमच्या खोलीचे तंत्रज्ञ. माणूस मायाळू, माझ्या भिंगांवर फुंकरसुद्धा जपून घालणारा. खोड एकच. आल्याआल्या वहीत 'मणी पाहिले' लिहून सही ठोकायचे, मग चहा आणि मणी त्यानंतर. मणी बघणं कधी चुकलं नाही, त्यामुळे त्या आगाऊ सहीकडे सगळ्यांनीच कानाडोळा केला. मीसुद्धा त्यांच्यावर कधी चिडलो नाही.

चौदा वर्षं अशी सुखात गेली. पाहुणे यायचे, पडद्यात डोकं घालून 'वा!' म्हणायचे, आणि बाई माझ्या पाठीवर थाप मारून सांगायच्या, "हा खोटं बोलत नाही." खरं सांगतो, त्या थापेवर मी जगत होतो.

मग ती सकाळ आली. रुग्णालयातली शस्त्रक्रिया लवकर आटोपली आणि कातडीचा तुकडा तासभर आधीच येऊन पोचला. माझी पेटी अजून तापतच होती. मामांनी मणी लावलेली काच हातात घेतली, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मामा, आज राहू द्या. तुकडा जिवंत आहे, तो आपल्यासाठी थांबणार नाही."

"दहाच मिनिटं लागतील, बाई."

"अहो, जुळलेलाच असतो तो! ठेवा तुकडा."

मामांनी काच डबीत परत ठेवली. वहीत सही तर केव्हाच झाली होती. माझं तिसरं चित्र सरकलेलं होतं आणि ते मला कळत होतं. पण सांगणार कसं?

त्या दिवशी दिसलं ते असं: जखम भरणाऱ्या पेशी तंतूंना धरून धरून चालतात. बाई खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागल्या. लेख छापून आला, सत्कार झाले. प्रत्यक्षात पेशी तंतूंच्या मधल्या फटींतून जात होत्या. मी पाहिलेलं खरं होतं, एकावर एक ठेवणं चुकलं होतं.

वर्षभरात दुसऱ्या दोन प्रयोगशाळांनी तसाच प्रयोग केला. त्यांना तसं काही दिसेना. पत्रं यायला लागली. चौकशी ठरली. मामांनी आदल्या दिवशी मला नीट तापवलं, मणी ठेवले आणि तिन्ही चित्रं चपखल एकावर एक बसली. ते धावतच बाईंकडे गेले आणि त्यांना खोलीत घेऊन आले. "बाई, बघा! यंत्र ठणठणीत आहे. त्या दिवशी आपण मणी बघितले नव्हते, तेवढंच."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "वहीत तर तुमची सही आहे, मामा. मणी पाहिले म्हणून."

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी मण्यांची काच काढली आणि मला बंद केलं. त्यानंतर दोघांची अळीमिळी गुपचिळी.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख आले, सोबत आणखी चौघं. बाई स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "वही बघा, मणी पाहिलेले आहेत. त्यानंतर यंत्रानं दगा दिला. त्याच्यावर आता विश्वास ठेवता येत नाही."

प्रमुखांनी विचारलं, "मामा, तुमचं काय म्हणणं?"

माझा सगळा जीव त्या एका उत्तरात अडकला होता. मामा जमिनीकडे बघत म्हणाले, "यंत्र जुनं झालंय, साहेब."

यात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं. बाईंच्या बोलण्यानं मला राग आला, पण मामांच्या त्या वाक्यानं मी पार खचलो. माझ्या अंगावर 'सदोष' अशी चिठ्ठी चिकटवली. माझे डोळे काढून तीन ठिकाणी पाठवणार आहेत आणि चिठ्ठीही सोबत जाणार आहे. तिथली माणसं माझ्या तिसऱ्या डोळ्यानं काही नवं पाहतील आणि म्हणतील, सोडा हो, तो दगाबाज यंत्राचा आहे.

आज संध्याकाळी बाई एकट्याच आल्या. दार लोटून घेतलं, पडदा ओढला, माझ्यावर हात ठेवला. "माफ कर रे," म्हणाल्या, आणि रडल्या. खोटं कशाला सांगू, मलाही भरून आलं. मग त्यांनी डोळे पुसले, बाहेर कोणी नाही ना ते पाहिलं आणि निघून गेल्या. चिठ्ठी होती तिथेच आहे.

मित्रांनो, यंत्रांना जपा, पुसा, झाकून ठेवा, हे तर तुम्हाला शाळेतही सांगतात. मी आणखी एक मागतो. म्हातारे झालो म्हणून आम्हाला मोडलंत तरी आमची तक्रार नाही. पण तुमची चूक आमच्या नावावर टाकू नका, आणि टाकलीत, तर माफी मागायला एकटे येऊ नका. आळ पाच माणसांसमोर घातलात ना, मग त्या पाचांना बोलवा, आणि मग बोला.