सव्वादोन तासांची वाट

"काडी ओढू नकोस हं, वासिल्का," साफ्ता पडल्या पडल्या म्हणाली. "मेणबत्ती मी माझ्या पोरीच्याच हातून घेईन."

"अगं बाई, तू कुठे निघालीस लगेच! सूप पी आधी."

"शपथ घे."

भिंतीवरच्या मेरीमातेच्या तसबिरीला हात लावून मी शपथ घेतली. झक मारली आणि घेतली.

आमच्याकडे मरणाऱ्याच्या हातात पेटती मेणबत्ती द्यावी लागते. नाही दिली, तर तो जीव तिकडे अंधारात चाचपडत राहतो. असं मरण वैऱ्यालाही येऊ नये.

माझ्या या शेजारणीची, साफ्ताची, लेक अग्लाया अकरा वर्षं इटलीत, तोरिनोला. तिथल्या एका म्हातारीला न्हाऊमाखू घालायची, भरवायची. दर रविवारी आईला फोन. पालुपद एकच: "आई, दीड हजार किलोमीटर म्हणजे काय गं? विमानाने सव्वादोन तास. तू हाक मार, मी आलेच!" फोन ठेवला की साफ्ता मला म्हणायची, "सव्वादोन तासांवर बसलीये, आणि तीन वर्षांत तोंड नाही दाखवलं. जळ्ळं मेलं ते विमान!" दुकानात मात्र हेच सव्वादोन तास सगळ्यांना ऐकवायची.

साफ्ता फारच खालावली त्या सकाळी मीच फोन करून अग्लायाला बोलावून घेतलं. म्हणाली, "मावशी, दहाला विमान सुटतंय. तोवर सांभाळ तिला."

दहा आणि सव्वादोन, सव्वाबारा. बाकाऊच्या विमानतळावरून गाव अर्ध्या तासावर. म्हणजे पाऊण वाजता पोर दारात. साफ्ताला सांगितलं तर चक्क हसली. "केस विंचर माझे," म्हणाली.

पाऊण वाजला. रस्त्यावर नुसती बदकं. एक वाजला. साफ्ताचा श्वास अडकायला लागला. माझ्या एका हातात मेणबत्ती, दुसऱ्यात काडेपेटी. तिने हात पुढे केला, बोटं उघडून. ती काय मागतेय हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते.

"थांब गं राणी, आलीच ती. फाटकाशी असेल."

हात पांघरुणावर पडला. मी काडी ओढली तेव्हा सगळं संपलं होतं.

अग्लाया पावणेदोनला आली. विमान अगदी वेळेवर होतं. तोरिनोचं घड्याळ आमच्या एक तास मागे, तिथले दहा म्हणजे इथले अकरा. अकरा वर्षं तिच्या फोनसाठी हा तास हिशेबात धरत आले, आणि नेमकी त्याच दिवशी विसरले.

"मावशी, मेणबत्ती होती ना हातात?" तिने उंबऱ्यातूनच विचारलं.

"होती. मीच धरली. शांत गेली."

तिने माझा हात ओठांना लावला आणि ओक्साबोक्शी रडली.

चार वर्षं झाली. कुणी काही घ्यायला हात पुढे केला की अजून मी हातातलं असेल ते झटकन देऊन टाकते. पाद्रीबाबांपाशीही बोलले नाही.

आता रविवारचा फोन मला येतो. परवा अग्लाया म्हणाली, "मावशी, तुला कुणी नाही म्हणून काळजी करू नकोस. तुझ्या वेळी मेणबत्ती मी धरीन."

"बरं बाळा," मी म्हटलं.

घरातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या मेणबत्त्या मी चर्चमध्ये देऊन आले. साफ्ता अंधारात आहे. तिला शोधायला मलाही तशीच जायला हवं.