माझ्यावर चहाचे कप ठेवणाऱ्यांनो

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा ट्रे आहे आणि आज माझं डोकं फिरलं आहे.

कोणत्या कारखान्यात घडलो ते आठवत नाही. साकोलीच्या बाजूच्या एका आरोग्य केंद्रात आलो, तेव्हा रुचिता सिस्टरने मला इंजेक्शनच्या खोलीत खाटेशेजारी ठेवलं. माझ्यात सिरिंज, सुया, कापूस आणि अचानक श्वास कोंडला तर जीव वाचवणाऱ्या अ‍ॅड्रेनॅलिनच्या काचेच्या कुप्या. हात लांबवला की वस्तू सापडायची. लोक सिस्टरचं कौतुक करायचे, मला त्यातच आनंद होता.

यंदा मोहफुलांच्या दिवसांत जिल्ह्याचे साहेब केंद्राच्या तपासणीला आले. चहा नेण्यासाठी शिपाई जागेश्वरने माझ्यातलं सगळं खणात ओतलं आणि माझ्यावर कप मांडले. डॉक्टरांनी पाहिलं, पण हसून सोडून दिलं. पाहुण्यापुढे सगळं माफ!

तेवढ्यात मंगरू बायकोला, तुळसाला, घेऊन धावत आला. मोहाखाली पाला जाळताना धूर वर गेला आणि आग्या मोहोळाच्या माशा तिच्यावर तुटून पडल्या होत्या. ओठ सुजलेले, श्वास घरघरत होता. सिस्टरने सवयीने हात लांबवला. जागा रिकामी!

मी शेजारच्या ऑफिसात, साहेबांसमोर; भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

"ट्रे कुठी गेला?"

"साहेबाले चाय नेली ना त्याच्यावर," जागेश्वर म्हणाला. "कुप्या खणात हायेत."

त्या खणात गोळ्या, पट्ट्या, जुनी पेनं, सगळा काला झालेला.

"बाई, माही बायको मरून राहिली अन् तुमी काय शोधून राहिल्या?" मंगरू रडत ओरडला.

आणि मी? मी बिस्किटं सांभाळत होतो! साहेबांनी माझ्यावरचा कप उचलला आणि कागदावर खूण केली, ‘तातडीचा ट्रे: आहे.’ मला हात असते तर तो कागद टराटरा फाडला असता.

अखेर कुपी सापडली. सिस्टरने लुगड्यावरूनच तुळसाच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला सुई दिली. काही मिनिटांनी श्वास मोकळा झाला. तुळसा वाचली, पण थोडक्यात.

मग सिस्टर ऑफिसात आली. तिने कप एकेक करून साहेबांच्या कागदांवर ठेवले.

"साहेब, चाय हातात धरून प्या," ती म्हणाली आणि मला उचलून घेऊन गेली.

मित्रांनो, पाहुण्याला चहा जरूर द्या, पितळीत द्या, पाटावर द्या. पण दवाखान्यात माझी जागा रिकामी दिसली तर ‘आपण लहान माणसं, साहेब मोठे’ म्हणून गप्प बसू नका. ओरडा!